पाटी कशाने करावी?

महाराष्ट्रातल्या दुकानांवर मराठी पाटी हवी, हा नियम जुना आहे. पण २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेली छोटी दुकानेही त्यात आली. देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे पाटीवरच्या दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असे ही तरतूद सांगते. व्यापाऱ्यांच्या संघटनेने तिला आव्हान दिले, उच्च न्यायालयाने ते फेटाळले, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना नियम पाळण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. जोगेश्वरीसारख्या उपनगरात या आदेशाचा आवाका मोठा होता. पश्चिमेला स्वामी विवेकानंद रस्ता, बेहरामबाग आणि ओशिवऱ्याकडची दुकाने. पूर्वेला लेण्यांकडे जाणारा केव्हज रोड, मेघवाडी, मजास. किराणा, औषधे, मोबाइल दुरुस्ती, शिंपी, केश कर्तनालय, झेरॉक्स: बहुतेक ठिकाणी मालक आणि एखाददुसरा मदतनीस. ज्यांच्यावर आधी ही सक्ती नव्हती, नेमकी तीच माणसे आता पाटीचा विचार करू लागली. आणि नेमक्या त्याच काळात शब्द लिहिले की चित्र काढून देणारे एआय सर्वांच्या हाती आले. स्टेबल डिफ्यूजन ऑगस्ट २०२२ मध्ये खुले झाले, ॲडोबीचे फायरफ्लाय मार्च २०२३ मध्ये आले, आणि त्याच सुमारास फोटोशॉप व कॅनव्हा या ओळखीच्या साधनांमध्येही चित्रनिर्मितीची बटणे दिसू लागली. म्हणून दुकानाची पाटी हे उदाहरण घेऊन या प्रकरणात एकच प्रश्न तपासायचा आहे: कोणते काम चित्र बनवणाऱ्या एआयला सांगावे आणि कोणते डिझाइनच्या साधनात आपल्या हाताने करावे?

या प्रश्नाचे उत्तर सहसा दर्जा, वेग किंवा किंमत यांच्या तुलनेतून दिले जाते. मला ती वाट चुकीची वाटते, कारण या तिन्ही गोष्टी दर सहा महिन्यांनी बदलतात. टिकणारी कसोटी वेगळी आहे. आपण जे करतो आहोत त्याला बरोबर उत्तरे किती, हे आधी पाहावे. दुकानाच्या नावाचे उत्तर एकच असते. पत्ता, फोन नंबर, परवान्याचा क्रमांक, दोन लिपींमधल्या अक्षरांच्या उंचीचे प्रमाण, पाटीची लांबी-रुंदी यांचेही तसेच. याउलट मसाल्याच्या दुकानाच्या पाटीवर मागे कोणता रंग असावा, मिरच्या दिसाव्यात की खलबत्ता, सूर जुन्या घरगुती वळणाचा असावा की चकचकीत, याला शेकडो बरोबर उत्तरे आहेत. जिथे उत्तर एकच आहे तिथे डिझाइनचे साधन हवे; जिथे उत्तरे अनेक आहेत तिथे एआयला मोकळे सोडावे. हे वाचायला सोपे आहे, पण या दोन यंत्रणा आतून कशा चालतात हे पाहिल्याशिवाय त्यातला जोर कळत नाही.

चित्र बनवणारी आजची बरीच यंत्रे डिफ्यूजन या पद्धतीने चालतात. शिकवताना यंत्राला खरी चित्रे दाखवायची, त्यांत टप्प्याटप्प्याने ठिपक्यांचा गोंधळ मिसळायचा आणि तो गोंधळ कसा काढावा हे शिकवायचे. पुरेसे शिकल्यावर यंत्राला निव्वळ गोंधळ दिला आणि सोबत आपले वर्णन दिले, की ते गोंधळ काढत काढत त्या वर्णनाशी जुळणाऱ्या चित्रापर्यंत पोचते. म्हणजे यंत्राने शिकलेली गोष्ट असते शक्यता: अशा वर्णनाच्या चित्रात या जागी साधारणपणे काय असते. मिरचीचा ढीग काढताना ही पद्धत अफाट कामाची आहे, कारण ढिगातली एखादी मिरची डावीकडे वळली काय नि उजवीकडे वळली काय, ढीग खराच दिसतो. अक्षराचे तसे नाही. ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक असतो एका छोट्या वळणाचा; ‘अंगण’ आणि ‘अगण’ यांत एका टिंबाचा. त्यात स्टेबल डिफ्यूजनची पहिली आवृत्ती ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे चित्र आतमध्ये ६४ गुणिले ६४ घरांच्या आकुंचित रूपात हाताळत होती. एका घरात मूळ चित्राचे आठ बाय आठ ठिपके येतात. पाटीवर लांबलचक नाव असेल तर त्यातला अनुस्वार अशा एका घराच्या कोपऱ्यातच संपून जातो.

दुसरे कारण शिकवणीच्या साहित्यात आहे. ज्या लायन-५बी या संग्रहावर ही आवृत्ती उभी राहिली त्यात सुमारे ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने होती. त्यांतली सुमारे २३२ कोटी वर्णने इंग्रजी होती, आणि ही आवृत्ती मुख्यतः त्या इंग्रजी भागावरच शिकली. मराठी पाट्यांचे फोटो त्यात आले असले तरी पाटीवर काय लिहिले आहे हे यंत्राला सांगणारे शब्द सोबत नव्हते. त्यामुळे देवनागरी म्हणजे वर एक आडवी रेघ आणि खाली लटकणारी वळणे, एवढेच त्याच्या पदरी पडले. सुरुवातीच्या एआय चित्रांत दिसणारी, लांबून मराठी वाटणारी आणि जवळून कोणत्याच भाषेची नसलेली अक्षरे याच शिकवणीतून आली.

डिझाइनच्या साधनात अक्षर कसे तयार होते हे याच्या शेजारी ठेवून पाहावे. आपण ‘जोगेश्वरी’ हा शब्द टाइप करतो तेव्हा संगणक त्याचे चित्र साठवत नाही. तो युनिकोडचे नऊ संकेतांक साठवतो: ज, ओकार, ग, एकार, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी. पडद्यावर दाखवताना अक्षरजुळणी करणारी यंत्रणा फॉन्टमधले नियम वाचून श, हलन्त आणि व यांचे जोडाक्षर करते. ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर टाइप होते पण आधी दिसते. ‘धर्म’मधला र आधी टाइप होतो पण म च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सगळे नियमाने घडते. हार्फबझ नावाची अशी जुळणी-यंत्रणा क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिसमध्ये वापरली जाते, त्यामुळे हाताशी असलेल्या बहुतेक फोनांतही हे काम बिनचूक चालते. मराठीचा खास कस लागतो तो ‘वऱ्हाडी’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांत. तिथला अर्धा र डोक्यावर जात नाही, पुढच्या अक्षराला डावीकडून बिलगतो. युनिकोडमध्ये यासाठी वेगळी सोय आहे, आणि ‘वऱ्हाडी मसाले’ हे नाव नीट टाइप केले तर ते दहा वेळा छापले तरी दहाही वेळा तेच राहते. शक्यतेवर चालणाऱ्या यंत्राकडून ही हमी मिळत नाही, कारण हमी देणे हे त्या पद्धतीचे कामच नाही.

या बिनचूकपणामागे मुंबईतल्याच माणसांचे कष्ट आहेत, आणि जोगेश्वरीच्या वाचकाला ते फार लांबचे नाहीत. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता पवईवरून जातो. तिथे आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी तिथे शिकवत होते. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. मुंबईच्याच एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने बालू, मुक्ता आणि मोदक हे फॉन्ट केले. ते खुल्या परवान्याखाली असल्यामुळे दुकानदार, मंडळ, शाळा कोणीही ते फुकट वापरू शकते. मुक्ताच्या बारीकपासून अतिजाडपर्यंत सात जाड्या आहेत. वजन, वळण, जोडाक्षरे यांचा निर्णय तिथे जाणत्या माणसाने घेऊन ठेवला आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे प्रमाण धरली. काही चांगल्या फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी ठेवली की ही वळणे आपोआप येतात, आणि येत नसतील तर दुसरा फॉन्ट निवडता येतो. एआयला मात्र वळण सांगून भागत नाही. देवनागरीत हिंदीचा मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि सरासरीवर चालणारे यंत्र त्या बाजूला झुकणे स्वाभाविक आहे.

आता मोजमाप. दहा फूट लांबीच्या पाटीसाठी १०२४ ठिपके रुंदीचे एआय चित्र वापरले, तर दहा फुटांत १२० इंच, म्हणजे इंचाला साडेआठ ठिपके. प्रत्येक ठिपका तीन मिलिमीटरचा चौकोन होतो. पार्श्वभूमीत हे लांबून खपून जाते, अक्षराच्या कडेला ते करवतीच्या दातांसारखे दिसते. चित्र मोठे करून देणारी साधने आहेत, पण ती मधले ठिपके अंदाजाने भरतात, आणि अक्षराच्या कडेवर अंदाज नको असतो. व्हेक्टर फाइलमध्ये अक्षराची कड ठिपक्यांत नसून गणिती वक्ररेषेत असते. ती व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर दहा फुटी पाटीवर, तितकीच धारदार राहते. ॲक्रिलिकची किंवा धातूची उठावदार अक्षरे कापायची असतील तर कापणाऱ्या यंत्राला अशीच रेषा लागते. म्हणूनच पाटी करणारे कोरलड्रॉची व्हेक्टर फाइल मागतात आणि अक्षरे कर्व्ह करून द्या म्हणतात.

कायद्यातली अट मोजमापाचीच आहे. मराठी अक्षरे लहान नकोत, हे नजरेने ठरवणे फसवे असते. रोमन आणि देवनागरी दोन्हींना साधनात एकच आकडा दिला तरी देवनागरी बऱ्याचदा लहान दिसते, कारण मात्रा, वेलांट्या आणि उकार यांच्यासाठी वर-खाली जागा राखून ठेवावी लागते आणि शिरोरेघेपासून तळापर्यंतची मूळ अक्षराची उंची कमी पडते. डिझाइनच्या साधनात दोन आडव्या मार्गदर्शक रेघा ओढून ही उंची रोमन कॅपिटलच्या उंचीशी ताडून पाहता येते आणि मराठी नाव तेवढे वाढवता येते. चित्र बनवणाऱ्या एआयकडे फूटपट्टी नाही. त्याला मराठी अक्षरे मोठी काढ म्हटले तर ते मोठी वाटतील असे काहीतरी काढते. पालिकेच्या निरीक्षकापुढे पाटीचा बचाव करताना ‘वाटणे’ उपयोगी पडत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत दमदार आक्षेप असा, की हे सगळे जुने झाले. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आलेली चित्रनिर्मिती आणि त्याच वर्षीची गुगलची जेमिनी मॉडेले मजकूर पूर्वीपेक्षा पुष्कळ नीट काढतात. देवनागरीतही छोटी नावे बरेचदा बिनचूक येतात. आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरते श्रेय द्यायला हवे. उद्या चुका जवळजवळ शून्यावर येतील असे धरून चालू. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण बरोबर दिसणारे अक्षर आणि अक्षर म्हणून साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मराठी हा धडा एकदा महागात शिकली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडचे टंकलेखन अशा फॉन्टांवर चाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कागदावर मजकूर सुरेख छापला जाई. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग येई. मजकूर शोधता येत नसे, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नसे, आणि त्या काळातले कितीतरी मराठी लेखन आजही रूपांतराची वाट पाहत पडले आहे. अक्षराला नुसते चित्र मानले की असे होते. एआयने काढलेल्या पाटीतले नाव कितीही शुद्ध असले तरी ते ठिपक्यांचेच असते. फोन नंबरचा एक आकडा बदलला, गोरेगावला दुसरी शाखा निघाली, भागीदाराचे नाव काढायचे ठरले, तर डिझाइनच्या फाइलमध्ये तेवढा एक शब्द बदलतो आणि बाकी पाटी जिथल्या तिथे राहते. चित्रात तेवढाच बदल मागितला तर नवी यंत्रे बहुतेक वेळा तो करतात, पण सोबत मिरच्यांचा रंग किंवा अक्षराची जाडी किंचित सरकत नाही ना, हे दर वेळी डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. दुकानाची ओळख पाटी, पिशवी, बिल आणि व्हॉट्सॲपवरचे छोटे चित्र या चारही ठिकाणी एकच असायला हवी. ती अशा सरकत्या पायावर उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. ज्याचे दुकान दहा बाय बाराचे आहे त्याने डिझाइनर कुठून आणावा? हा प्रश्न मी हलका मानत नाही. सक्ती आली तेव्हा भुर्दंड याच माणसांवर पडला. पण इथे तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होते. महागडा डिझाइनर आणि फुकट एआय एवढेच पर्याय समोर नाहीत. इंकस्केप हे व्हेक्टर साधन २००३ पासून फुकट आहे, कॅनव्हाची मोफत आवृत्ती फोनवर चालते, फॉन्ट मोफत आहेत, आणि पाटीवर लागते ते एक नाव, एक ओळ व्यवसायाची आणि एक पत्ता. एवढे शिकायला एक संध्याकाळ पुरते. उलट चुकीच्या अक्षराची पाटी छापली गेली तर खर्च दुसऱ्यांदा होतो, आणि तो फ्लेक्सचा, चौकटीचा, लावण्याच्या मजुरीचा, सगळाच असतो.

तिसरा आक्षेप म्हणतो की आता ही दोन साधने वेगळी उरलीच नाहीत. फोटोशॉपमध्ये एआय आहे, कॅनव्हात एआय आहे, इलस्ट्रेटर २०२३ पासून वर्णनावरून व्हेक्टर चित्रही काढून देतो. खरे आहे, आणि त्यामुळेच साधनाच्या नावावरून निवड करू नये. एकाच खिडकीत उघडलेल्या फाइलमध्ये एक लेअर एआयने भरलेला असतो आणि त्याच्यावरचा लेअर टाइप केलेल्या अक्षरांचा. कसोटी त्या लेअरला लावायची. नावाचा लेअर टाइप केलेला असला, की खालचा लेअर कोणी आणि कसा भरला याची मला चिंता वाटत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचे नाव कसे दिसावे हे अनेक दशके आपल्या हाताने ठरवणारे कमल शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांची अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती, कुठल्या फॉन्टमध्येही नव्हती. ती चित्रेच होती, आणि नाटकाचा स्वभाव त्यांत उतरलेला असे. मग अक्षर चित्र असण्यात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. पण शेडगे ‘ट’ काढत तेव्हा तो ‘ट’ आहे हे जाणून काढत. कुठे ताणले तर वाचता येईल आणि कुठे ताणले तर ‘ढ’ होईल, याचा निर्णय प्रत्येक रेषेत होता. अशी अक्षरकला ज्याला परवडते त्याने जरूर करून घ्यावी आणि नंतर ती व्हेक्टरमध्ये उतरवून कायमची जपावी. एआयला ‘जुन्या नाटकाच्या जाहिरातीसारखे अक्षर’ मागितले तर त्या वळणाचा भास मिळेल. अक्षररचनाकाराला दाखवण्याचा नमुना म्हणून तो उपयोगी आहे. पाटीवर चढवण्याचे अंतिम अक्षर म्हणून मी तो घेणार नाही. हक्काच्या बाजूनेही हे शहाणपणाचे आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती, अशी व्याख्या आली. पण ही व्याख्या आजच्या एआयच्या कितीतरी आधीची आहे, आणि एक ओळीचे वर्णन लिहिणारा माणूस त्यात कितपत बसतो हा वादाचा मुद्दा आहे. ज्या चिन्हावर दुकानाचे नाव पुढची वीस वर्षे चालणार, ते अशा वादावर टांगून ठेवू नये.

एआयची खरी जागा याच्या अलीकडे आहे, आणि ती लहान नाही. पाटी कशी असावी हे ठरलेलेच नसते तेव्हा माणूस अडतो. पूर्वी पेंटरने काढलेला एक नमुना पसंत करायचा किंवा नाकारायचा, एवढीच मुभा होती. आता हिरवी पाटी, भगवी पाटी, खलबत्त्याची, मिरच्यांची, नुसत्या रंगाची असे वीस नमुने अर्ध्या तासात पाहता येतात, आणि नको काय हे लवकर कळते. गणेशोत्सव मंडळाला देखाव्याची कल्पना कार्यकर्त्यांसमोर मांडायची असते, शाळेला स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेमागे हलकी वेलबुट्टी हवी असते. तिथे अचूक असे काही नसतेच आणि यंत्राची सरासरी कल्पना पुरते. एक खबरदारी छपाईची: पडद्यावरचा झळाळता भगवा आणि पोपटी रंग छपाईच्या चार शाईंत तसाच उतरत नाही, म्हणून रंग पडद्यावर पसंत करून थांबू नये, छापलेला छोटा तुकडा मागून पाहावा.

पण अनेक उत्तरांच्या या प्रदेशातही एक जागा अशी आहे जिथे उत्तर पुन्हा एकच होते, आणि ती जागा म्हणजे खरे ठिकाण. जोगेश्वरीच्या मंडळाला आपल्या पत्रकावर जोगेश्वरीची लेणी हवीत असे समजू. इसवी सनाच्या सहाव्या शतकातली ही शैव लेणी डोंगराच्या कड्यात उंचावर नाहीत. पायऱ्या उतरून खाली, खडकातल्या वाटेने आत जावे लागते, खांबांच्या रांगांच्या मध्ये गाभारा आहे, आणि माथ्यावर, आजूबाजूला घरांची दाटी आहे. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीचे असंख्य फोटो पाहून शिकलेल्या यंत्राकडे लेणी मागितली तर ते लेण्यांची भव्य सरासरी देईल: उंच कडा, मोकळे आकाश, समोर दरी. चित्र देखणे असेल आणि जोगेश्वरीतल्या लहान मुलालाही ते आपल्या लेण्यांचे नाही हे कळेल. तिथे फोनने काढलेला साधा फोटो घ्यावा, तो खालच्या लेअरवर ठेवावा, आणि मंडळाचे नाव त्याच्यावर टाइप करावे.